“मॅडम, माझं दूध बाळाला चालेल ना?”

वॉर्डातल्या सिस्टरने निरोप पाठवला, “भांडुपची पेशंट बाळाला अंगावर घेत नाहीये, तुम्ही जरा या.” मी गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. छाती भरून दगडासारखी झालेली, गाऊन भिजलेला, आणि बाळ पाळण्यात रडून रडून दमलेलं. उशाशी पिशवीत दुधाच्या पावडरचा डबा होता. नवऱ्याने ओव्हरटाइमच्या पैशातून आणलेला, सासूला दिसू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेला.

पालिकेच्या प्रसूतिगृहात एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला जवळजवळ दर महिन्याला कुणीतरी विचारतं. तिच्याशी तर गरोदरपणात या विषयावर तीनदा बोलणं झालं होतं. ती मान डोलवायची. पण प्रत्यक्ष बाळ मांडीवर आलं आणि तिचा धीर सुटला.

“ते माझ्याच अंगात आहे. तेच मी त्याच्या तोंडात कसं घालू?” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “माझ्या जावेचं बाळ सातव्या महिन्यात झालं, तेव्हा सायनला दुसऱ्या बायकांचं दूध मिळालं होतं. तिथे दूध देणारीचं रक्त तपासतात. माझं दूध तर ते घेणारच नाहीत. जे दुसऱ्याच्या बाळाला चालत नाही, ते माझ्या बाळाला कसं चालेल?”

इतका नेमका प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये दूधपेढी सुरू केली, आशियातली ती पहिली. तिथे दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही तपासणी होते आणि दूध पाश्चराइझ करूनच दिलं जातं. तिने ऐकलेलं खरंच होतं.

मी तिला म्हटलं, “ते दूध परक्या बाळाला जातं. बहुतेक वेळा कमी दिवसांच्या, नाजूक बाळाला. त्या बाळाला एचआयव्हीपासून वाचवणारं कुठलं औषध चालू नसतं, म्हणून तिथे जराही धोका पत्करत नाहीत. तुझ्या बाळामागे दोन राखणदार आहेत. एक तू रोज रात्री घेतेस ती गोळी, आणि दुसरं, जन्मल्याबरोबर त्याला सुरू केलेलं नेव्हिरापीनचं, म्हणजे लागण रोखणाऱ्या औषधाचं सिरप.”

तिची एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी ती रोजची गोळी, चौथ्या महिन्यात, निदान झाल्याबरोबर सुरू झाली होती. एकही गोळी चुकली नव्हती. आठव्या महिन्यातला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, इतका कमी आला की मशीनला विषाणू मोजता आला नाही. कागद फाइलमध्येच होता, तो मी तिच्या हातात दिला. काहीच औषधोपचार झाले नाहीत तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजणं मिळून 15 ते 45 टक्के बाळांना लागण होते. आई नियमित गोळ्या घेत असेल आणि बाळाला औषध मिळालं असेल तर ते प्रमाण 5 टक्क्यांच्याही खाली येतं, व्हायरल लोड दबलेला असेल तर आणखी खाली. धोका शून्य आहे असं मी कुठल्याच आईला सांगत नाही. तिलाही नाही सांगितलं.

पण डब्याचाही धोका असतो, तो मात्र कुणी मोजत नाही. तिच्या घरी पाणी सकाळी दोन तास येतं, पिंपात साठवतात. बाटली प्रत्येक वेळी उकळायची, पावडर मापात घालायची, महिनाभर पुरवायची. डबा संपत आला की पावडर पातळ होत जाते, हे मी खूप घरांत पाहिलंय. आणि अशा बाळांना जुलाब होऊन ती वाळत गेलेलीही पाहिलीत.

अंगावर पाजण्याची तिची भीती हवेतून आलेली नव्हती. तिच्या वस्तीतल्या एका बाईला पंधरा-वीस वर्षांपूर्वी अंगावर पाजू नका असं सांगितलं गेलं होतं. तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापीनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस, एवढंच आमच्या हातात होतं. पाजण्याच्या महिन्यांत बाळाला काही संरक्षण नसायचं. आपल्याकडे 2014 पासून प्रत्येक गरोदर बाधित बाईला आयुष्यभराची एआरटी लगेच सुरू होऊ लागली आणि सगळं चित्र पालटलं. वस्तीत मात्र जुना सल्लाच अजून फिरतो.

त्या दुपारी तिने बाळाला घेतलं. पिवळा चीक थोडा पिळून काढावा लागला, मग बाळ लागलं. मी बाहेर येऊन पाणी प्यायले.

आठव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज फुटत नव्हता. सासूबाईंनी बाळाला गुटी उगाळून दिली होती, वर बोटभर मध. “आता दूध बंद करू का?” सहा महिने फक्त अंगावरचं, पाणीसुद्धा नाही, हे आम्ही बजावून सांगतो. वरचं काही गेलं की बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होते आणि विषाणूला वाट मिळू शकते. ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पण अशा चुकीवर दूध तोडणं हा उपाय नाही. गुटी थांबवायची, सिरप चालू, गोळी चालू, आणि पुन्हा फक्त अंगावरचं दूध.

अडचण सासूबाईंची होती. त्यांना सुनेचं निदान माहीत नव्हतं, आणि तिच्या संमतीशिवाय ते कुणालाही सांगता येत नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात तसं आहे, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. लसीकरणाला त्या सोबत आल्या तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी त्यांना सांगितलं, “आजी, सहाणेवरून जंतू पोटात जातात, आणि मध वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला द्यायचा नसतो.” यात एक अक्षर खोटं नव्हतं. आजी थोड्या नाराज झाल्या, पण त्यांनी ऐकलं. आणि मग मी त्यांना त्यांच्या आवडीचं काम दिलं, सुनेला खाऊ घालायचं.

कारण ती वाळत चालली होती. बाळाला काय द्यावं हे सगळे विचारतात, बाळंतीण जेवली का हे फार थोडे. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात, आणि एचआयव्ही असला तर शरीराची भूक आणखी थोडी वाढते. म्हणजे नेहमीच्या जेवणावर दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी, एक अंडं आणि मूठभर शेंगदाणे-गूळ. सुकट परवडते, तीही चालते. आजींनी अळिवाची खीर, शेपूची भाजी, डिंकाचे लाडू सुरू केले. लाडू महाग पडायला लागले तेव्हा मीच म्हटलं, शेंगदाण्याचे करा.

आणखी एक गोष्ट तिच्याशी बोलता बोलताच कळली. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी ती एआरटीच्या गोळीसोबतच, रिकाम्या पोटी घेत होती. तसं घेतलं की एआरटीच्या गोळीतलं डोल्यूटेग्राविर हे औषध नीट शोषलं जात नाही. एकतर तिन्ही जेवणासोबत घ्यायच्या, नाहीतर एआरटी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. तिने दुपारच्या जेवणानंतर लोह-कॅल्शियम आणि रात्री एआरटी असं लावून घेतलं. स्तनाग्राला चीर पडली, छातीत गाठ आली किंवा बाळाच्या तोंडात पांढरं दिसलं तर त्याच दिवशी यायचं, हेही ठरलं. चीर एकदा पडली. बरी होईपर्यंत त्या बाजूचं दूध पिळून टाकलं, दुसऱ्या बाजूने पाजलं.

काही आयांना पाजणं जमत नाही. औषध लागू पडत नाही, आई फार आजारी असते. तिथे डॉक्टरांशी बोलून पूर्ण वरचं दूध देतो आणि घरात पाणी कसं उकळायचं ते बसून शिकवतो. त्या बाईला कुणी दूषण दिलेलं मला खपत नाही.

सहाव्या आठवड्यात एचआयव्ही तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले आणि इतर संसर्गांपासून जपणारं कोट्रायमोक्साझोलचं औषध सुरू झालं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. तेव्हा ती रडली नाही, तिने रिपोर्टवरचं बाळाचं नाव बोटाने दोनदा तपासलं. सहाव्या महिन्याचाही निगेटिव्ह आला, आणि वर्षाचाही. सहा महिन्यांपासून नाचणीची पेज, मऊ वरण-भात, मग अंड्याचा बलक सुरू झाला, सोबत अंगावरचं दूध वर्षभर चाललं.

शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात. ती तारीख मी कार्डावर लिहिली. तिने वाचली, मोबाइलमध्ये टाकली, आणि रात्रीच्या गोळीच्या अलार्मची वेळ बरोबर आहे ना, तेही तिथेच पाहून घेतलं.