पॅराक्वाट या तणनाशकाच्या आधी सॅलिसिलिक आम्ल फवारल्यास कपाशी वाचते का?

सॅलिसिलिक आम्ल हे वनस्पतीतही तयार होणारे रसायन; ते आधी दिल्यास प्रयोगशाळेत काही अंशी बचाव होतो. शेतात त्यावर विसंबू नये. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या बल्गेरियन संशोधनात सातूच्या रोपांना 500 मायक्रोमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचे सूक्ष्म एकक) सॅलिसिलिक आम्ल 24 तास आधी दिले होते आणि प्रकाशसंश्लेषणाची हानी खरोखरच कमी झाली होती. मात्र तेथे पॅराक्वाट होते 10 मायक्रोमोलर, आणि आपल्या पंपातील द्रावण त्याच्या शेकडो पट तीव्र असते.

हा प्रश्न मला झोंबतो, कारण आमच्या घरात त्यावरून अबोला झाला आहे. माझ्या चुलतभावाला एका दुकानदाराने ‘ताणरोधक’ म्हणून सॅलिसिलिक आम्लाची एक बाटली दिली. ती आदल्या दिवशी फवारल्यामुळे पिकाला आता धोका नाही, असे गृहीत धरून त्याने कपाशीच्या दोन ओळींमध्ये पॅराक्वाट मारताना नोझलचे हूड, म्हणजे फवारा पिकावर उडू नये म्हणून लावायचे आवरण, काढून ठेवले. हूडमुळे काम रेंगाळते, ही त्याची जुनी तक्रार. दुसऱ्या दिवशी खालच्या पानांवर आधी पाणी शिरल्यासारखे काळपट ठिपके दिसले, मग ते वाळून कागदासारखे झाले आणि बोट लावताच चुरले. बाटलीचे प्रमाण दुप्पट हवे होते, असे तो आजही म्हणतो.

दुप्पट करूनही काही साधले नसते. पॅराक्वाटचा रेणू हरितलवकातील इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देतो, त्यातून घातक सुपरऑक्साइड तयार होते आणि तो रेणू पुन्हा नव्या इलेक्ट्रॉनसाठी मोकळा होतो. ऊन असेपर्यंत हे चक्र थांबत नाही. सॅलिसिलिक आम्ल वनस्पतीची प्रतिकारक विकरे थोडी आधी जागी करते, एवढेच. भातात प्रेटिलाक्लोर या तणनाशकासोबत दिले जाणारे फेनक्लोरिम हे पीकसंरक्षक रसायन खरे संरक्षण देते, कारण त्यामुळे भाताचे रोप ते तणनाशक ग्लुटाथायोन या आपल्याच पेशींतील रेणूला जोडून निष्प्रभ करते. पॅराक्वाट पिकात असे मोडतच नाही. शिवाय सॅलिसिलिक आम्लाचा फवारा तणांवरही पडला, तर तुम्ही तणालाही तेच कवच देता, हे दुकानदार सांगत नाही.

तेव्हा हूड लावा, नोझल जमिनीलगत धरा, वारा पडलेला असताना फवारा. पॅराक्वाटच्या सौम्य मात्रेच्या ओझरत्या शिंतोड्यांपुरता सॅलिसिलिक आम्लाचा थोडा उपयोग होऊ शकेल, हे मी नाकारत नाही. ठिपके पडलेच असतील, तर झाड उपटू नका. शेंडा शाबूत असल्यास नवी पाने स्वच्छ येतात, कारण हे तणनाशक झाडात फारसे फिरत नाही. आणि मुख्य म्हणजे, पॅराक्वाट पोटात गेल्यास माणसासाठी त्यावर उतारा नाही, त्यामुळे हातमोजे आणि मास्क यांत काटकसर नको.