नागपुरात घराच्या अंगणात लहान मुलांसाठी सेंद्रिय बाग कशी करावी?

घरासमोरच्या लहानशा अंगणात चार आणि सात वर्षांच्या मुलांना मोकळेपणाने हाताळता येईल अशी सेंद्रिय बाग नागपूरच्या हवेत कशी करावी, असे आपण विचारले आहे. आमच्या घरी सहा वर्षांपासून अशी बाग आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

काय लावायचे याआधी काय काढायचे ते ठरवा. आमच्या कुंपणालगत पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, होती. माझी मुलगी तीन वर्षांची असताना एकदा बिट्टीची हिरवी फळे तिने भातुकलीच्या ताटलीत वाढून घेतली होती. तिने ती तोंडात घातली नाहीत याची खात्री होईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता, कारण त्या फळातले बी हृदयाचे ठोके बिघडवते आणि जिवावर बेतू शकते. लाल कण्हेर, धोतरा, एरंड, गुंजेचा वेल, घाणेरी आणि दिवाणखान्यातल्या कुंडीतला डिफेनबाखियासुद्धा लहान मूल घरात असेपर्यंत नसलेला बरा. बाग सेंद्रिय आहे म्हणजे ती आपोआप निर्धोक झाली, असे समजू नका.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यात वाळू आणि भरपूर गांडूळखत मिसळून विटांचा नऊ इंच उंच वाफा करा. त्याची रुंदी अडीच फुटांहून जास्त ठेवू नका, म्हणजे मुलांचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचतो आणि रोपे तुडवली जात नाहीत. ताजे शेण किंवा जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेले पातळ खत) मुले हात घालतात त्या वाफ्यात वापरू नका. पूर्ण मुरलेले, मातीसारखा वास येणारे खतच घाला. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी दिलेली आहे ना, हेही पाहून घ्या.

बियाण्याची एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. दुकानातल्या पाकिटातले गुलाबी किंवा निळसर बियाणे बहुधा बुरशीनाशक लावलेले असते, ते मुलांच्या हाती देऊ नये. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या डब्यातली चवळी, मेथीदाणे आणि धने वापरावेत. चवळी चिमुकल्या बोटांना सहज धरता येते. सांबारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, धने हलके रगडून दोन फाकी कराव्यात, आणि ते उगवायला आठ-दहा दिवस लागतात हे मुलांना आधीच सांगावे, नाहीतर ती रोज उकरून पाहतात. मेथी मात्र तीन-चार दिवसांत वर येते, म्हणून पहिले पीक मेथीचेच घ्यावे.

एप्रिल-मे महिन्यांत सुरुवात करू नका. पारा ४५ अंशांकडे जात असताना मोठी माणसेही दुपारी अंगणात उतरत नाहीत. मृगाचा पाऊस नीट पडला की चवळी आणि भेंडी लावा. भेंडी सुमारे ५० दिवसांत तोडायला येते. मेथी, पालक, मुळा आणि सांबार ऑक्टोबरपासून. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडांना घालू नका, कारण पाणी उडून जाते तसे त्यातले क्षार वाढत जातात. कुंड्यांखालच्या बश्या मात्र दर आठवड्याला कोरड्या करा, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो.

मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर वाळलेल्या निंबोळ्यांच्या बियांतला गर कुटून, ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारा. जूनमध्ये कडुनिंबाखालच्या निंबोळ्या मुले आनंदाने वेचतात. तयार निंबोळी तेल मात्र औषधाच्या कपाटात वर ठेवा, ते लहान मुलाच्या पोटात गेल्यास घातक ठरते.

शेवटी, कढीपत्त्यावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आली तर ती मारू नका. ती मोठी झाल्यावर हिरवी होते, आणि डिवचले की डोक्यामागून नारिंगी-तांबडे दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. माझी मुलगी अर्धा-अर्धा तास तिच्यापुढे बसून राहत असे. संत्र्याच्या रोपवाटिकेत हीच अळी कीड असते, पण आपल्या अंगणात तिचे फुलपाखरू होऊ द्यायला हरकत नाही. त्यासाठी कढीपत्त्याची दोन रोपे लावा आणि त्यांतल्या एकावर काहीच फवारू नका.