क्लास सुटल्यावरचं इंग्रजी तपासायचं कोणी?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘आठवड्यातून तीन दिवस इंग्रजीचा क्लास असतो. शिकवलेलं समजतं, मार्कही बरे पडतात. सर नेहमी सांगतात, घरी स्वतःहून सराव करा. मी करते. फोनमध्ये तीन अ‍ॅप आहेत, शब्दांच्या दोन वह्या भरल्यात, रोज एक संपादकीय डिक्शनरी घेऊन वाचते, सबटायटल लावून मालिका बघते. तरी कोणी इंग्रजीत बोलायला लागलं की माझं वाक्य अर्ध्यावर अडकतं. सहा महिन्यांनी मुलाखती सुरू होतील. घरी नेमकं काय करू? आणि आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन ठेवू का?’

तुझं वेळापत्रक वाचून ‘अजून मेहनत कर’ असं मी तरी म्हणणार नाही. मेहनत भरपूर आहे. पण ती यादी पुन्हा एकदा बघ: अ‍ॅप, वह्या, संपादकीय, मालिका. सगळीकडे तू काहीतरी आत घेते आहेस. तू स्वतः लिहिलेलं, बोललेलं असं त्यात जवळपास काहीच नाही. अ‍ॅप चूक-बरोबर सांगतं, पण ते चार पर्यायांतून निवडलेल्या उत्तराचं. वाक्य तुझं नसतंच.

क्लासमध्ये सर दोन कामं करतात, शिकवतात आणि तपासतात. शिकवणं आता फोनवर हवं तेवढं फुकट मिळतं. तपासणं मात्र क्लास सुटला की थांबतं, आणि घरी तेच काम तुला अंगावर घ्यायचं आहे. फ्रान्समधल्या नान्सी विद्यापीठातले ऑन्री होलेक यांनी युरोप परिषदेसाठी केलेल्या 1981 च्या अहवालात स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याची कामं मांडली होती: ध्येय ठरवणं, मजकूर निवडणं, पद्धत निवडणं, शिकणं कसं चाललंय यावर लक्ष ठेवणं आणि काय पदरात पडलं ते तपासणं. पहिली तीन कामं आपण हौसेने करतो, नवं अ‍ॅप घेताना तर फारच. शेवटची दोन राहून जातात.

तर आधी तपासता येईल असा सराव निवड. मी सगळ्यांना सुरुवातीला देते तो म्हणजे ऐकून लिहिणं. शाळेतलं श्रुतलेखन म्हणून नाक मुरडू नकोस. ज्याचा लिखित मजकूर सोबत मिळतो असा एखादा ऑडिओ घे. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर सहा-सहा मिनिटांचे कार्यक्रम मजकुरासह फुकट आहेत. त्यातलं फक्त एक मिनिट निवड. एकेक वाक्य थांबवत, हवं तितक्या वेळा ऐकत कागदावर उतरव. मजकूर शेवटीच उघडायचा. मग लाल पेन घेऊन फरक खुणाव.

फरक कुठे सापडतील ते आताच सांगते. मोठे शब्द बहुतेक बरोबर येतात. गळतात ते बारके. ऑडिओत असतं, ‘आय शुड हॅव टोल्ड हिम अबाउट इट’, आणि कागदावर येतं, ‘आय शुड टोल्ड हिम अबाउट’. कारण बोलताना तो ‘हॅव’ पूर्ण उच्चारलाच जात नाही, ‘शुड’ला चिकटून ‘शुडव्’ एवढंच कानावर पडतं. इंग्रजीत अर्थाचा भार असलेल्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले टू, ऑफ, हॅव, अ असे शब्द आखडून जातात. मराठीत आपण बहुतेक अक्षरांना पुरेसा वेळ देतो, त्यामुळे हे आखडलेले आवाज आपल्या कानाला आवाज वाटतच नाहीत. आता एक काम कर. तू बोललेलं एखादं मिनिट फोनवर रेकॉर्ड करून तेही असंच उतरव. जे बारके शब्द कानातून गळतात, तेच बहुधा तोंडातूनही गळताना दिसतील. अडखळण्याला लोक ‘आत्मविश्वास नाही’ म्हणतात. मला त्यातला बराचसा भाग या गळतीचा दिसतो, आणि गळती भरून काढता येते.

लिखाणासाठी एक जुनी युक्ती आहे. बेंजामिन फ्रँकलिन हा तरुणपणी बोस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात कामाला होता. आपलं लिखाण सुधारावं म्हणून त्याने लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ नियतकालिकाचा एक खंड हाताशी घेतला. त्यातल्या लेखाच्या प्रत्येक वाक्याचा आशय तो दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, मग टिपणांवरून तोच लेख स्वतःच्या भाषेत उभा करायचा आणि मूळ लेखाशी ताडून चुका सुधारायचा. वेळ कधी? रात्री काम संपल्यावर किंवा सकाळी सुरू होण्याआधी. इंग्रजी त्याची मातृभाषाच होती, तरी ही पद्धत आपल्याला जास्तच कामाची, कारण आपण टिपणं मराठीत काढू शकतो.

समज, तुझं टिपण आहे: ‘आम्ही पोचेपर्यंत दुकान बंद झालं होतं.’ दोन दिवसांनी तू त्यावरून लिहिलंस, ‘व्हेन वी रीच्ड देअर, द शॉप वॉज क्लोज.’ मूळ उघडलंस तर तिथे आहे, ‘बाय द टाइम वी गॉट देअर, द शॉप हॅड ऑलरेडी क्लोज्ड.’ आता घाईने सगळ्यावर काट मारू नकोस. ‘वॉज क्लोज’ ही सरळ चूक, तिथे ‘क्लोज्ड’ हवं. ‘व्हेन’ने सुरू केलेलं वाक्य चुकीचं नाही, पण ‘पोचेपर्यंत’ची छटा त्यात येत नाही. आणि ‘गॉट देअर’ हे बोलण्यात जास्त सहज येतं, एवढंच. मूळ मजकुरापासून वेगळं झालं ते सगळं चूक नसतं. चूक कोणती, कमी नेमकं काय आणि नुसतं वेगळं काय, हे वेगळं काढायची सवय लागली की तू स्वतःची मास्तरीण झालीस. परिच्छेद सहा-सात ओळींचाच घे. लेख घेशील तर दोन दिवसांत कंटाळशील.

लिहिलेलं तपासायला एआय चॅटबॉट वापरायला माझी ना नाही. फक्त ‘दुरुस्त करून दे’ म्हणू नकोस. तो गुळगुळीत परिच्छेद हातात ठेवेल, तू वाचून खूश होशील आणि पुढच्या वेळी तीच चूक करशील. त्याला सांग, ‘चुकीच्या जागा फक्त खुणाव, उत्तर देऊ नकोस.’ दुरुस्ती आधी तू कर, मग विचार. आणि तो बरोबर वाक्यालाही उगीच नटवतो, तेव्हा प्रत्येक बदलाचं कारण माग. कारण पटलं नाही तर डिक्शनरी उघड. ती इंग्रजी-मराठी नको, शिकणाऱ्यांसाठी केलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी हवी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिन्ही ऑनलाइन फुकट आहेत. लाँगमनने तर 1978 च्या पहिल्या आवृत्तीपासून सगळे अर्थ सुमारे 2,000 सोप्या शब्दांतच द्यायचं पथ्य पाळलं आहे. तिथे अर्थाइतकाच उपयोग उदाहरणांचा: ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही, हे एका उदाहरणातच कळतं.

शब्दांच्या त्या दोन वह्यांबद्दल. वही वाचताना सगळं येतंय असं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा-पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहायचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे. म्हणून वहीतले शब्द चिठ्ठ्यांवर घे. एका बाजूला मराठी वाक्य, मागे इंग्रजी, आणि आधी उत्तर तोंडाने बोलायचं. आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही आलं तर पुन्हा पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचा प्रत्येक कप्पा आणखी जास्त दिवसांनी. सेबास्टियन लाइटनर यांनी ही कप्प्यांची पद्धत 1972 मध्ये मांडली. फोनवरच हवं असेल तर अँकी हे अ‍ॅप असंच अंतर वाढवत विचारतं. पण चिठ्ठीवर सुटा शब्द नको. ‘डिसिजन’ लिहून काय करशील? ‘मेक अ डिसिजन’ लिही, त्यातला ‘अ’सुद्धा.

संपादकीय सोड. खरंच सोड, निदान सहा महिने. ‘रोज संपादकीय वाच’ हा सल्ला देणाऱ्यांपैकी किती जण ते स्वतः वाचतात, कोण जाणे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या 2006 च्या मांडणीनुसार मदतीशिवाय वाचायचं तर मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि वर्तमानपत्रासाठी किंवा कादंबरीसाठी तेवढं गाठायला 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबं माहीत असावी लागतात. एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब. तुझ्यासाठी हिशेब सोपा आहे: अडीचशे शब्दांच्या पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक अजून तुझं नाही. पातळी ठरवून सोप्या भाषेत लिहिलेली ग्रेडेड रीडर्स असतात, ती घे आणि डिक्शनरी न उघडता भराभर वाच. लाजायचं कारण नाही. एवढा एकच सराव असा आहे की जिथे मी तपासणी मागत नाही. पान उलटत राहिलं की पुरे. लिब्रिव्हॉक्सवर फुकट बोलकी पुस्तकं आहेत आणि त्यांचा मजकूर बहुतेकदा प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतो, पण त्यातलं पुष्कळसं शंभर वर्षांहून जुनं आहे. ती भाषा मुलाखतीत वापरलीस तर समोरचे चक्रावतील.

मालिका बघायची तर बघ, पण ती करमणूक म्हणून. अभ्यास म्हणून बघायची असेल तर दोन मिनिटांचा एकच प्रसंग घे, इंग्रजी सबटायटल लावून, मग काढून, आणि मग पात्राच्या पाठोपाठ बोलत.

आता बोलणं. सोबतीला कोणी नाही म्हणून थांबू नकोस. नेशन यांनीच पुढे आणलेला चार-तीन-दोन नावाचा सराव आहे. मूळ रीतीत एकच विषय तीन वेगळ्या श्रोत्यांना सांगायचा, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. श्रोत्यांच्या जागी फोनचा रेकॉर्डर चालतो. विषय मुलाखतीतलेच घे: स्वतःबद्दल सांग, केलेला प्रकल्प समजाव, एखादी अडचण कशी सोडवलीस ते सांग. पहिल्या वेळी शब्द शोधण्यात जीव जातो. दुसऱ्या वेळी शब्द हाताशी असतात, वाक्य जुळायला लागतं. तिसऱ्या फेरीत भाषेकडे लक्ष द्यायला उसंत मिळते. मग पहिलं आणि तिसरं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐक आणि एकाच गोष्टीवर बोट ठेव, या आठवड्यात फक्त भूतकाळ, पुढच्या आठवड्यात फक्त ‘अ’ आणि ‘द’. सगळ्या चुका एकदम धरायला गेलीस तर तोंड मिटेल. पाठ केलेलं उत्तर मात्र नको. मुलाखत घेणाऱ्याने मध्येच एक प्रश्न टाकला की पाठांतर कोलमडतं.

उच्चार तपासायला लोक फोनचं व्हॉइस टायपिंग वापरतात. एका मर्यादेपर्यंत ठीक. पूर्ण वाक्य बोललीस तर ते संदर्भावरून अंदाज बांधतं आणि तुझा चुकीचा उच्चारही सांभाळून घेतं. सुटे शब्द बोलून बघ, ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’, मग खरं कळेल. खरी माणसं तो शब्द कशी बोलतात ते ऐकायला यूग्लिश हे संकेतस्थळ बरं आहे, व्हिडिओतला नेमका तो क्षण काढून देतं.

हे सगळं रोज करायचं नाही. तुझ्याकडे दिवसाचा पाऊण तास आहे असं धरते. एक दिवस ऐकून लिहिणं, एक दिवस फ्रँकलिनचा परिच्छेद, दोन दिवस बोलणं, चिठ्ठ्या येता-जाता, वाचन झोपण्याआधी. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नकोस. तीनपैकी दोन अ‍ॅप काढून टाक, कोणती ते तू ठरव. आणि क्लासला रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आठवड्यात ज्या दोन-तीन फरकांचं कोडं सुटलं नाही, ते लिहून सरांपुढे ठेव. ‘सर, माझं इंग्रजी कसं सुधारेल’ याला त्यांच्याकडे उत्तर नसतं. ‘सर, इथे हॅड का आलं’ याला असतं.

आयईएलटीएसचं म्हणशील तर आत्ता नको. तिचा निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात, आणि तो मागतात मुख्यतः परदेशातली विद्यापीठं आणि व्हिसा देणारी कार्यालयं. नोकरीच्या मुलाखतीत समोरचे तुझं बोलणं प्रत्यक्ष ऐकणारच आहेत. आपण कुठे आहोत ते कळायला युरोप परिषदेची 2001 ची पातळ्यांची चौकट पुरते: ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्या, आणि प्रत्येकीसमोर ‘मला हे करता येतं’ अशी वाक्यं. ती वाचून आज स्वतःला जोख, तीन महिन्यांनी पुन्हा जोख, आणि दोन्ही वेळी जवळ एक रेकॉर्डिंग ठेव, म्हणजे मनाचे खेळ होणार नाहीत. पुढे परदेशी प्रवेशाचं ठरलंच तर आधी त्या विद्यापीठाची अट आणि अर्जाची शेवटची तारीख बघ, घड्याळ लावून एक नमुना पेपर सोडव, आणि मगच फी भर.