त्याच दिवशी काय झालं?

प्रश्न : माझ्या आठवीतल्या मुलीला वक्तृत्व स्पर्धेसाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्सवर भाषण लिहून दिलं : कामावरून दमून निघालेली शिवणकाम करणारी बाई बसमधल्या जागेवरून उठली नाही आणि इतिहास बदलला. मुलीने विचारलं, "दमतात तर सगळेच, आणि रोज. मग त्याच दिवशी काय झालं?" मी गप्प. काय सांगू?
– एक आई

उत्तर : तुमच्या मुलीने मला अडचणीत आणलंय. इतिहास शिकवताना मीही कित्येक वर्षं ही 'दमलेली बाई'च वर्गात सांगितली, आणि एकाही विद्यार्थ्याने असं विचारलं नाही.

पार्क्सबाईंनी पुढे स्वतःच लिहिलं, की त्या दिवशी त्यांचं अंग दमलेलं नव्हतं. सारखं पडतं घेण्याचा वीट आला होता. 1 डिसेंबर 1955ला त्या 42 वर्षांच्या होत्या आणि नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शहरातल्या शाखेचं चिटणीसपद बारा वर्षांपासून सांभाळत होत्या. बसल्याही होत्या मधल्या रांगेत, गोऱ्यांच्या राखीव जागेवर नव्हे. एका गोऱ्या प्रवाशाला बसायला जागा उरली नाही म्हणून ड्रायव्हरने ती चौघांची अख्खी रांग रिकामी करायला सांगितली. तिघे उठले. पार्क्सबाई उठल्या नाहीत, आणि त्यांना अटक झाली.

आता मुलीचा प्रश्न. त्या दिवशी घडलं ते रात्री. जो अ‍ॅन रॉबिन्सन या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी दीड वर्ष आधीच महापौरांना पत्र लिहून बसवर बहिष्काराचा इशारा दिला होता. अटकेची बातमी कळताच त्या रातोरात कॉलेजात गेल्या आणि सोमवारी बसने जाऊ नका, अशी हजारो पत्रकं सायक्लोस्टाइलवर काढली. पहाटेपर्यंत गठ्ठे बांधून तयार! (सायक्लोस्टाइलची शाई हाताला लागली की दोन दिवस जात नाही. मी प्रश्नपत्रिका काढल्या आहेत, मला विचारा.)

ठरला होता एक दिवस, चालला 381. लोक मैलोन्‌मैल चालले. टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात, दहा सेंटमध्ये नेऊ लागले, तर पालिकेने किमान 45 सेंट घेण्याचा नियम पुढे केला. मग खासगी गाड्या ठरलेल्या थांब्यांवर फिरू लागल्या. त्यांचे विमे रद्द झाले. शेवटी विमा मिळाला तो थेट लंडनहून. जॉर्जिया गिलमोर नावाच्या बाई जेवण आणि केक करून विकायच्या आणि पैसे पेट्रोलसाठी द्यायच्या. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा 26 वर्षांचे, गावात नवे. भाषणांत ते येतातच, तुम्ही वेगळं सांगायला नको.

क्लॉडेट कॉल्विनला मात्र विसरू नका. त्याच शहरात, नऊ महिने आधी, 2 मार्च 1955ला ही 15 वर्षांची शाळकरी मुलगी बसमधून उठली नव्हती. पोलिसांनी बेड्या घालून नेलं. पुढाऱ्यांना ती 'योग्य' वाटली नाही : वय कोवळं, घर गरीब, त्यात पुढे ती गरोदर राहिली. पण बसमधला भेद बेकायदा ठरवणारा खटला जिंकला गेला, त्यात रोझा पार्क्स फिर्यादी नव्हत्याच. चार बायका होत्या, त्यांतली एक क्लॉडेट. तिच्या नावावरचा तो जुना गुन्हा पुसला गेला 2021मध्ये, वयाच्या 82व्या वर्षी.

भाषण पाच मिनिटांचं असेल, तर दोन मिनिटं क्लॉडेटला द्या. तुमची मुलगी तिच्याहून फार लहान नाही.