२४ बेड आणि २२ स्टुडंट, कसं जमवायचं?

प्रश्न : मी घोडबंदर रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात मेल मेडिकल वॉर्डची इन्चार्ज आहे, वॉर्ड २४ बेडचा. सध्या एका नर्सिंग कॉलेजच्या २२ मुलींची पोस्टिंग लागलीय आणि सगळ्या एकदमच येतात. परवा एका आजोबांचं बीपी सकाळपासून पाचव्यांदा घ्यायला गेल्या तर ते ओरडलेच. कॉलेजच्या मॅडम हजेरी घेतात नि जातात, माझा स्टाफ म्हणतो आम्ही ड्युटी करायची की शिकवायचं, मेट्रन म्हणतात तूच बघ. काय करू?

उत्तर : आजोबा बरोबरच ओरडले हो सिस्टर! नर्सिंग कौन्सिलचा हिशेब एका स्टुडंटमागे ३ पेशंट असा आहे, म्हणजे सगळे बेड भरलेले असले तरी तुमच्याकडे ८ मुली पुरे, आणि १० मुलींमागे शिकवणारी एक. हे मेट्रनना लेखी द्या, तोंडी नको, आणि कॉलेजकडून रोटेशन प्लॅन मागवून घ्या. बाकीच्या मुली सर्जिकलला, ओपीडीला, काही दुपारच्या शिफ्टला. दुपार कोणाला नको असते पण डॉक्टरांचा राउंड आटपलेला असतो, खरं शिकणं तेव्हाच होतं. आणि बस ट्रॅफिकमध्ये अडकून साडेआठला आली की ओव्हर (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देणं-घेणं) हुकते, मग दिवसभर मुलीला पेशंटचं काही कळत नाही, हेही मॅडमच्या कानावर घाला.

आता मुख्य मुद्दा. कामं वाटू नका, पेशंट वाटा. तू बीपी घे, तू टेम्परेचर घे असं केलं की मुलगी २४ दंड बघते, माणूस एकही बघत नाही. तिला तीनच पेशंट द्या, पण ओव्हर घेण्यापासून ओव्हर देईपर्यंत सगळं तिचं, स्पंजिंग, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली), नातेवाइकांचे तेच तेच प्रश्नसुद्धा.

मागे माझ्या वॉर्डात एका स्टुडंटच्या चार्टवर ओळीने ९ पेशंटचं बीपी १२०/८०! ओरडले नाही, बीपीचा पट्टा तिच्या हातात दिला नि म्हटलं माझं घे. बिचारीला काहीच ऐकू येत नव्हतं कारण स्टेथोचा चेस्टपीस (पेशंटच्या अंगाला लावायची चकती) उलट्या बाजूला फिरलेला होता, आणि तीन आठवड्यांत तिच्या शेजारी कोणी उभंच राहिलं नव्हतं.

शेजारी उभं राहायला सगळ्या स्टाफला लावू नका, शिकवायची हौस असलेल्या दोघी-तिघी निवडा, त्यांना त्या दिवशी पेशंट कमी द्या आणि हे ड्युटी लिस्टमध्येच लिहून घ्या, नाहीतर भांडणं ठरलेली. मुलगी त्याच सिस्टरबरोबर, त्याच शिफ्टला. फक्त वापरलेल्या निडलला सिस्टरनेच कॅप परत लावली तर मुलगीही लावणार, तेवढं बघा. निडल टोचली तर कोणाला सांगायचं ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, मुली घाबरून लपवतात आणि एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं.

लॉगबुकवर (मुलीने केलेल्या प्रोसिजरच्या नोंदवहीवर) सही त्याच दिवशी, समोर केलेल्या प्रोसिजरची. शेवटच्या दिवशी ट्रॉलीवर ढीग आणून ठेवला तर पेन काढू नका, मॅडमना बोलवा.