"सायबाले विचार"

"मॅडम, मले लोकाईशी बोलताच येत नाही. हे काम माह्यासाठी नाहीच." वही टेबलावर टाकून ती बसली. तिला प्रणाली म्हणू. नाव बदललंय, लिहायची परवानगी तिचीच आहे.

प्रणाली यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली, पत्रकारिता शिकलेली. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कार्यालयात जनसंपर्काच्या कामाला लागली होती. या योजनेत पदवीधराला महिन्याला 10,000 रुपये मिळतात. घरी त्या पैशांची गरज होती, म्हणून सोडून द्यायचीही सोय नव्हती. काम होतं कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेऊन कार्यालयाच्या पत्रिकेत लिहायचं. तीन आठवड्यांत ती पाच जणांकडे गेली. वहीत चौघांच्या नावापुढे एकच ओळ: "सर्व ठीक चालू आहे." पाचवे हातपंप दुरुस्त करणारे काका. "मले काही माहीत नाही, सायबाले विचार," म्हणाले आणि पान्हा उचलून निघून गेले. त्यानंतर ती ऑफिसात 'माणसं फिल्डवर होती' असं खोटं सांगू लागली. मुलाखतीच्या आदल्या रात्री छातीत धडधडायचं.

इंटर्नशिपला गेलेल्या मुलामुलींकडून हे मी नेहमी ऐकते, आणि प्रत्येकाला वाटतं की खोट आपल्यातच आहे. आधी मी तिची झोप, जेवण, घरातलं वागणं विचारलं. ते ठीक होतं. नसतं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक देऊन जिल्हा रुग्णालयात दाखवायला सांगितलं असतं.

मग म्हटलं, आता तू काका हो. तिच्याच वहीतला पहिला प्रश्न मी तिला विचारला: "आपल्या सेवाकाळातील अनुभवाविषयी आपण काय सांगाल?"

"चांगला आहे," ती म्हणाली. आणि गप्प झाली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "याचं दुसरं उत्तरच नाही ना मॅडम."

दुसरी गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. सरकारी माणसाच्या डोक्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 असतात. छापून येणाऱ्या गोष्टीबद्दल बोलताना तो जपून बोलणारच. काकांना धास्ती होती ती कागदावर येणाऱ्या शब्दाची. प्रणालीनं ते मनाला लावून घेतलं. मुलाखतीला पाठवण्याआधी हे समजावणं वरिष्ठांचं काम होतं, आणि ते झालं नाही याचा मला खरंच राग आला.

म्हणून आधी साहेबांकडून मुलाखतींची लेखी परवानगी घ्यायची आणि ती काकांना दाखवायची, असं ठरवलं. बदली, बढती, साहेब कसे आहेत, यातलं काही विचारायचं नाही. मोबाइल रेकॉर्डिंगला समोर ठेवायचा नाही, वहीच बरी. लिहिलेलं छापायच्या आधी वाचून दाखवायचं, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं. आणि बोलायचं वऱ्हाडीत. यावर ती अडली. ऑफिसात वऱ्हाडी बोललं तर हसतील, हे कॉलेजपासून मनात बसलेलं. घरी काकाशी बोलतेस तशीच बोल, लिहिताना प्रमाण मराठीत लिही, एवढंच मी म्हटलं. या बाबतीत मी हट्टी आहे.

पहिल्या दिवशी मुलाखत घ्यायचीच नव्हती. काकांसोबत पंपावर जायचं, उभं राहून बघायचं आणि एकच विचारायचं: "काका, हे काय काढून राह्यले?"

पंधरा दिवसांनी आली तेव्हा वहीची आठ पानं भरली होती. पंपाखाली तीन-तीन मीटरचे पाइप एकाला एक जोडलेले असतात. आतला वायसर झिजला की दांडा कितीही मारा, पाणी चढत नाही. मग सगळे पाइप एकेक करून वर काढावे लागतात, तेही मे महिन्याच्या उन्हात, लोखंड हाताला चटके देत असताना. बाया गुंड घेऊन भोवती उभ्या असतात, म्हणून काका जेवायला थांबत नाहीत. हे सगळं काकांनी आपणहून सांगितलं होतं.

धडधड गेली का, मी विचारलं. "होते अजून. पण रस्त्यानं जाईपर्यंतच."

मग तिनं मला एक पान दाखवलं. वाचून दाखवताना काकांनी तिच्या हातातून पेन घेतला होता. 'दहा पाइप' मधला 'दहा' खोडून वर वाकड्या अक्षरात 'अकरा' लिहिलं होतं आणि शेजारी ग्रीसचा अंगठा उमटला होता.