आधी कागद, मग कोड

गणिती कोडी प्रोग्रामिंगने सोडवायची असतील, तर पहिला विचार वहीत करा. अंधेरी ते चर्चगेट लोकलमध्ये बसायला मिळाले तर तेवढा वेळही पुष्कळ आहे. डहाणूत १९०५ साली जन्मलेल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांची ६१७४ ही संख्या अभ्यासाला घ्या. चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. हे पडताळण्यासाठी नवशिका ८,९९१ संख्या तपासतो, आणि संगणक तेही क्षणात करतो. मात्र उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) इतकी येते, म्हणजे पहिल्या पायरीनंतर केवळ ५४ संख्या उरतात. माझ्या मते खरा आनंद या निरीक्षणात आहे, कारण मोठ्या कोड्यांत असेच निरीक्षण तासांचे काम सेकंदांवर आणते. पायथॉनमध्ये लिहिताना २१११ ही संख्या अवश्य तपासा: २१११ − १११२ = ९९९, आणि येथे ०९९९ असे चार अंक राखले नाहीत, तर पुढचे उत्तर शून्य येते.